नाव तेच, उच्चार तोच, तरी शोधात सापडत नाही: अम्हारिक ‘ह’ची अडचण आणि तिचा इलाज

एका विद्यार्थ्याने इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांच्यावरची पुस्तकं मागितली. मी काउंटरवरच्या संगणकात नाव टाइप केलं, चार नोंदी आल्या. त्याने तीच सूची आपल्या फोनवर उघडली, तेच नाव टाकलं, त्याला नऊ मिळाल्या. माझ्या चारांपैकी एकही त्याच्या नवांत नव्हती. फोन पडद्याशेजारी धरून आम्ही दोघांनी नाव मोठ्याने वाचलं. दोन्हीकडे वाचायला एकच नाव होतं.

मी इथिओपियाच्या राजधानीत, आदिस अबाबात, एका कॉलेजच्या ग्रंथालयात सूचीचं काम करते. हा प्रकार मला पहिल्या महिन्यात भेटला आणि अजूनही नवीन माणूस कामाला लागला की भेटतोच. दवाखान्याच्या नोंदणीत, परीक्षेच्या यादीत, बँकेच्या खात्यात, जिथे जिथे अम्हारिक या इथल्या भाषेत नावं साठवली जातात तिथे तो आहे. पुण्या-मुंबईतल्या काही मंडळींकडे इथल्या संस्थांच्या सॉफ्टवेअरचं काम असतं. त्यांच्याकडून हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो: “शोध चालत नाही”, “डुप्लिकेट नोंदी तयार होतात”, “क्रमवारी चुकते”. तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

खाली इथिओपिक अक्षरं मी मुद्दाम टाकलेली नाहीत. ज्याच्याकडे फॉन्ट नाही त्याला नुसते चौकोन दिसतील आणि ज्याच्याकडे आहे त्याचीही अक्षरं कॉपी करताना गल्लत होईल. त्याऐवजी युनिकोडचे, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेले, क्रमांक देते, तेही दशमान पद्धतीत. एक्सेलचं यूनिकोड हे फंक्शन किंवा पायथनचं ऑर्ड हे फंक्शन नेमके हेच आकडे दाखवतं, त्यामुळे थेट ताडून पाहता येईल.

आधी लिपीबद्दल थोडं. अम्हारिक ज्या लिपीत लिहितात तिला इथे ‘फिदेल’ म्हणतात. ती मूळ गीझ भाषेची. गीझ आता बोलण्यात नाही, पण इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रार्थनांमध्ये आहे. गीझमध्ये घशातून निघणारे तीन वेगळे ‘ह’ होते आणि प्रत्येकाला वेगळं अक्षर होतं. अम्हारिकमध्ये तिन्ही उच्चार मिसळून एक झाले, अक्षरं मात्र तीनच राहिली. तसेच दोन ‘स’, दोन ‘अ’ आणि दोन ‘त्स’.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. शहामृगाचा श आणि पोटफोड्या ष आपण बोलताना कुठे वेगळे काढतो? पण ‘विशेष’ लिहिताना दोन्ही लागतात, आणि कोणी ‘विषेश’ लिहिलं तर वाचणारा अडखळत नाही, संगणक अडखळतो. इथेही अगदी तसंच चालतं. फोनवर नाव सांगताना लोक अक्षराचं टोपणनावही सांगतात. पहिला ह म्हणजे ‘हालेताऊ’, हालेलुयाचा. दुसरा ‘हमेरू’. तिसरा ‘ब्झुहानू’, म्हणजे बहुतांचा. दोन स पैकी एक ‘निगुसू’, राजाचा. दुसरा ‘इसातू’, आगीचा. त्स एक प्रार्थनेचा, एक सूर्याचा. आपल्या पोटफोड्याला इतकी भावंडं दूरदेशी आहेत हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

आता क्रमांक. पहिला ह, वाडग्यासारखा दिसणारा: ४६०८. दुसरा, तीन पायांच्या कमानीसारखा: ४६२४. तिसरा, ज्याचं या दोघांशी दिसण्यात काहीच नातं नाही: ४७३६.

गोष्ट इथे संपत नाही. फिदेलमध्ये प्रत्येक व्यंजनाची सात रूपं असतात, आपल्या बाराखडीसारखी. पण आपल्याकडे ‘हा’ म्हणजे ह आणि काना असे दोन कोड असतात, तिथे प्रत्येक रूपाला स्वतंत्र, अखंड कोड आहे. मात्रा काढून टाकायची सोयच नाही, कारण मात्रा वेगळी साठवलेलीच नसते. आणि ह आणि अ या व्यंजनांच्या बाबतीत पहिलं आणि चौथं रूप अम्हारिकमध्ये सारखंच उच्चारतात. म्हणजे ‘ह’ या एका आवाजासाठी सहा कोड झाले: ४६०८ आणि ४६११, ४६२४ आणि ४६२७, ४७३६ आणि ४७३९.

सम्राटाचं नाव घ्या. जुन्या वळणाने त्याची सुरुवात ४७३९ ने होते, कारण ‘हाइल’ म्हणजे शक्ती हा शब्द गीझमध्ये बहुतांच्या ह ने लिहितात. ‘सेलासी’ म्हणजे ख्रिस्ती त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा). त्यातला पहिला स राजाचा, ४६४५. पूर्ण नावाचा अर्थ ‘त्रैक्याची शक्ती’. आता घाईत लिहिणारा माणूस ह साठी सहांपैकी कुठलाही कोड वापरतो, पहिल्या स साठी दोनांपैकी, दुसऱ्या स साठी दोनांपैकी. सहा गुणिले दोन गुणिले दोन, चोवीस. दोन शब्दांच्या मध्ये कोणी साधी मोकळी जागा सोडतो, कोणी इथलं पारंपरिक शब्दविभाजक चिन्ह घालतो, कोणी जोडूनच लिहितो. बहात्तर झाले. वाचणाऱ्याला सगळी एकच, संगणकाला बहात्तर निरनिराळी नावं.

धावपटू हैले गेब्रसेलासी मराठी वाचकांना माहीत असतील, २००८ साली बर्लिनला मॅरेथॉनचा जागतिक विक्रम करणारे. त्यांच्या नावात हीच दोन्ही अक्षरं येतात. बातम्यांचा संग्रह चाळायचा असेल तर हाच खेळ पुन्हा.

ग्रंथालयात याचा त्रास दुप्पट होतो. इथिओपियात आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव, आणि सूचीत नोंद स्वतःच्या नावाखालीच लागते. त्यामुळे नावाचं पहिलं अक्षर बदललं की माणसाची जागाच बदलते. वर्णमाला पहिल्या ह ने सुरू होते, दुसरा ह तिसऱ्या ओळीत आहे, तिसरा बराच पुढे. एकाच लेखकाची पुस्तकं यादीत तीन ठिकाणी विखुरतात, आणि पहिल्या ठिकाणी दोन सापडली की वाचक समाधानाने निघून जातो. उरलेली आहेत हे त्याला कळतच नाही. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते.

खात्री कशी करायची

दोन नोंदी सारख्या दिसतात पण जुळत नाहीत, अशी शंका आली की दोन्ही नावं एक्सेलमध्ये शेजारच्या घरांत चिकटवा आणि पहिल्या अक्षराचा यूनिकोड आकडा काढा. एकीकडे ४६११ आणि दुसरीकडे ४७३९ आलं की निदान झालं. आत कुठे फरक असेल तर मिड फंक्शनने एकेक अक्षर काढून तेच करा. वर्डमध्ये अक्षराच्या पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबलं की सोळामान कोड दिसतो, तोही चालेल.

आकडा हातात आल्यावर एक सुंदर गोष्ट करता येते. त्याला आठने भागा. युनिकोडच्या मूळ इथिओपिक विभागात व्यंजनांच्या ओळी आठ-आठच्या खणांत मांडल्या आहेत, म्हणून बाकी शून्य म्हणजे पहिलं रूप, एक म्हणजे उ, दोन म्हणजे ई, तीन म्हणजे आ, चार म्हणजे ए, पाच म्हणजे जवळपास पायमोडकं, सहा म्हणजे ओ. ४७३९ ला आठने भागलं की बाकी तीन, म्हणजे चौथं रूप, ‘हा’. भागाकारातून ओळ कळते, बाकीतून स्वर. १९९९ साली युनिकोडच्या ३.० आवृत्तीत ही मांडणी आली, आणि खालचा सगळा इलाज तिच्याच जोरावर उभा आहे.

जे इलाज चालत नाहीत

पहिला सगळे सुचवतात: युनिकोड नॉर्मलायझेशन करा. एनएफसी, एनएफकेसी, चारही प्रकार करून पाहा, काही फरक पडणार नाही. नॉर्मलायझेशन एकच अक्षर दोन रीतींनी साठवलेलं असेल तेव्हा उपयोगी. इथे अक्षरंच वेगळी आहेत, त्यांच्यात युनिकोडने कुठलीही समानता नोंदवलेली नाही आणि नोंदवायलाही नको. अर्धा दिवस यात घालवू नका.

दुसरा इलाज मी स्वतः केला होता आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. सूचीतले सगळे ह पहिल्या ह मध्ये, सगळे स आगीच्या स मध्ये बदलून टाकले. थेट मूळ नोंदींवर, एका रात्रीत. सकाळी शोध झकास चालला. दुपारी आमच्या ग्रंथालयातले सगळ्यात ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सगळे गाशे म्हणतात (आपल्याकडे काका म्हणतो तसं), ते एक कार्ड घेऊन टेबलाशी आले.

“लीजे, हे पुस्तक कशावर आहे?” त्यांनी विचारलं. लीजे म्हणजे लेकरा.

“चित्रकारावर, गाशे.”

“मग तू त्याला भिकारी का केलंस?”

राजाच्या स ने तो शब्द लिहिला की चित्र काढणारा, आगीच्या स ने लिहिला की याचना करणारा. तसाच दुसरा एक शब्द: राजाच्या स ने सूर्य उगवतो, आगीच्या स ने तेच क्रियापद चोरी करणं होतं. रोजच्या अम्हारिकमध्ये संदर्भाने निभावतं, वर्तमानपत्रंही सरमिसळ करतात. पण गीझमधल्या धार्मिक ग्रंथांची शीर्षकं, आणि आपलं नाव वडिलांनी कुठल्या अक्षराने ठेवलं हे जपणारी माणसं, यांच्यासाठी ते अक्षर म्हणजे शब्दच आहे. गाशे रागावले नाहीत, पण त्यांनी संध्याकाळपर्यंत बसून मला एकेक कार्ड दाखवलं. बॅकअपवरून बरंच परत आणता आलं. त्या दिवशी सकाळी नव्याने भरलेल्या नोंदी मात्र हाताने, पुस्तकं उघडून दुरुस्त कराव्या लागल्या.

तेव्हा पहिला नियम: साठवलेल्या मजकुराला हात लावायचा नाही. मुखपृष्ठावर जसं आहे तसंच सूचीत राहील.

जो इलाज चालतो

प्रत्येक नावाच्या आणि शीर्षकाच्या शेजारी एक दुसरा रकाना ठेवा, शोध-किल्लीचा. तो वाचकाला कधीच दिसत नाही. मूळ मजकुरावरून तो आपोआप तयार होतो, आणि वाचकाने शोधखिडकीत टाइप केलेल्या शब्दावरही तीच प्रक्रिया होते. मग किल्लीशी किल्ली जुळवायची. उत्तरात मात्र मूळ नाव दाखवायचं.

अम्हारिकसाठी किल्ली करण्याचं गणित इतकं सोपं आहे की कागदावर मावतं. दुसऱ्या ह ची ओळ, ४६२४ ते ४६३०: प्रत्येकातून १६ वजा करा. तिसऱ्या ह ची ओळ, ४७३६ ते ४७४२: १२८ वजा करा. राजाचा स, ४६४० ते ४६४६: १६ मिळवा. दुसरा अ, ४८१६ ते ४८२२: ४८ वजा करा. सूर्याचा त्स, ४९२८ ते ४९३४: ८ वजा करा. ओळी आठच्या खणांत असल्यामुळे स्वर आपोआप जागेवर राहतो. हु चा हु होतो, सी ची सी. शेवटी ४६११ ला ४६०८ करा आणि ४७७१ ला ४७६८, म्हणजे पहिलं आणि चौथं रूप एक झालं. बस.

प्रत्येक ओळीतली पहिली सातच रूपं घ्या, आठव्या खणाला हात लावू नका. तिथे ओळीगणिक वेगळं काहीतरी बसलेलं असतं, बहुधा ‘स्वा’सारखं जोडरूप, आणि काही खण मूळ आवृत्तीत रिकामे होते. दुसऱ्या अ चा आठवा खण तर अजून रिकामाच आहे.

सम्राटाचं नाव या गणितातून घालून पाहा. ४७३९ मधून १२८ गेले, ४६११, त्याचं ४६०८. राजाचा स ४६४५, त्यात १६, ४६६१. फोनवर विद्यार्थ्याने साध्या ह ने आणि साध्या स ने लिहिलं असेल तर त्याचीही किल्ली तीच. चार आणि नऊ मिळून तेरा नोंदी एकत्र आल्या, त्या दिवशी त्या विद्यार्थ्याला मी मुद्दाम बोलावून दाखवल्या.

ह चा आणखी एक दूरचा भाऊ आहे, ४७९२ पासूनची ओळ, क च्या डोक्यावर रेघ देऊन केलेला. त्याचं चौथं रूप, ४७९५, पुष्कळदा ‘ह’ सारखंच वापरतात. मी ते पहिल्या शोधात एकत्र करत नाही. काहीच सापडलं नाही तर दुसऱ्या, सैल शोधात करते. आधीपासून सैल ठेवलं तर नको त्या नोंदींची गर्दी होते असा माझा अनुभव आहे. तुमच्याकडे माणसांची नावं कमी आणि चालू मजकूर जास्त असेल तर उलट ठरवायला हरकत नाही.

थांबा, नोंद कोणत्या भाषेतली आहे?

वरचं गणित फक्त अम्हारिकसाठी आहे. हे वाक्य मी आमच्या कार्यपद्धतीच्या वहीत लाल शाईने लिहिलं आहे.

तिग्रिन्या भाषा हीच लिपी वापरते, उत्तर इथिओपियात आणि इरिट्रियात. पण तिच्यात पहिला ह आणि दुसरा ह आजही वेगळे उच्चारले जातात. दुसरा घशाच्या खोल भागातून येतो. दोन अ सुद्धा वेगळे. तिथे ते एकत्र करणं म्हणजे मराठीत न आणि ण एक करण्यासारखं. ‘मन’ आणि ‘मण’ एकाच यादीत येतील. तिग्रिन्यासाठी किल्लीत दोन स एक करा, दोन त्स एक करा. त्स चं एकत्रीकरण तर तिथे फार गरजेचं आहे, कारण इरिट्रियात एका त्स ला पसंती आहे आणि इथिओपियाच्या बाजूच्या तिग्राईत दुसऱ्याला, त्यामुळे सीमेच्या दोन बाजूंचं एकच नाव दोन तऱ्हांनी येतं. तिसऱ्या ह चा उच्चार तिथे दुसऱ्यासारखा, म्हणून त्यातून १२८ नव्हे तर ११२ वजा करायचे. दोन अ, पहिला ह आणि दुसरा ह जसेच्या तसे सोडा.

म्हणून प्रत्येक नोंदीला भाषेचा रकाना हवा. नसेल तर तो आधी भरा, किल्ली नंतर करा. माणसाच्या नावाची भाषा ठरवणं नेहमी जमत नाही. अशा वेळी आम्ही दोन्ही किल्ल्या साठवतो.

शब्दांमधली ठिपक्यांची जोडी

किल्ली बसवूनही काही नावं सटकत असतील तर शब्दविभाजक तपासा. जुन्या पद्धतीत दोन शब्दांच्या मध्ये एकाखाली एक असे दोन ठिपके घालतात, क्रमांक ४९६१. दिसायला हुबेहूब इंग्रजी अपूर्णविरामासारखे. युनिकोडच्या लेखी ४९६१ हे विरामचिन्ह आहे, मोकळी जागा नाही. त्यामुळे मोकळ्या जागेवर शब्द तोडणारा कोणताही प्रोग्राम ते ओलांडून जातो आणि अख्खं वाक्य एक शब्द म्हणून साठवतो. भर म्हणजे ज्यांच्या कीबोर्डवर ते पटकन सापडत नाही ते साधा अपूर्णविराम दाबतात, आणि पूर्णविरामाच्या चार ठिपक्यांसाठी (४९६२) दोन अपूर्णविराम. किल्ली करताना ४९६१ पासून ४९६८ पर्यंतची सगळी चिन्हं आणि साधा अपूर्णविराम यांच्या जागी मोकळी जागा घाला. जोडनावं कधी जोडून, कधी तोडून लिहितात, म्हणून नावांच्या किल्लीतून मी शेवटी मोकळी जागाही काढून टाकते. शीर्षकांच्या किल्लीतून काढत नाही.

अक्षरांऐवजी चौकोन किंवा कचरा दिसत असेल तर

हा वेगळा आजार आहे, पण लोक दोन्ही एकत्र सांगतात. चौकोन म्हणजे फॉन्ट नाही, डेटा शाबूत आहे. नोटोचा इथिओपिक फॉन्ट किंवा एसआयएलचा ॲबिसिनिका बसवा, काम होईल.

कचरा म्हणजे मजकूर चुकीच्या एन्कोडिंगने (अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीने) वाचला गेला. आपल्याकडे जुन्या शिवाजी किंवा श्रीलिपीतल्या फाइली उघडल्यावर होतं त्यातलाच एक प्रकार इथे जुन्या गीझ फॉन्टांच्या फाइलींचा आहे. त्यांना त्या त्या फॉन्टचा परिवर्तकच लागतो. पण रोज भेटणारा कचरा साधा आहे: यूटीएफ-८ मधली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली, एक्सेलने ती विंडोज-१२५२ समजून वाचली. इथिओपिक अक्षराला आपल्या देवनागरीसारखेच तीन बाइट लागतात. पहिल्या ह चे बाइट २२५, १३६, १२८. पडद्यावर दिसतं तिरकी रेघ दिलेला रोमन ए, मग छोटी टोपी, मग युरोचं चिन्ह. सगळीकडे तो रेघवाला ए विखुरलेला दिसला की समजा इथिओपिक मजकूर आहे.

इथे एक गोष्ट फार जपून. पुष्कळजण म्हणतात, उलट रूपांतर केलं की परत मिळेल. सगळं मिळत नाही. विंडोज-१२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. दुसऱ्या ह चे बाइट आहेत २२५, १३६, १४४. शेवटचा रिकाम्या जागेवर पडतो. काही प्रोग्राम तो अदृश्य नियंत्रक चिन्ह म्हणून जपतात, काही तिथे प्रश्नचिन्ह ठेवतात, काही चूक दाखवून थांबतात. प्रश्नचिन्ह झालं की ते अक्षर गेलं, कायमचं. अम्हारिकमध्ये पावलोपावली येणारा पायमोडका म्, ४६३७, त्याचा तिसरा बाइट १५७, तोही गेला. आणि ४९२८ पासून ४९९१ पर्यंतच्या प्रत्येक कोडचा मधला बाइट १४१ आहे. त्यात सूर्याचा त्स, फ, प, सगळी विरामचिन्हं आणि सगळे अंक येतात. म्हणजे उलट रूपांतर केलेल्या फाइलीत पहिला ह जागेवर दिसतो, दुसरा नसतो, आणि कोणाला वाटतं की दुरुस्ती झाली. अशी फाइल कधीही पुन्हा डेटाबेसमध्ये भरू नका, मूळ फाइल मागा. आणि एक्सेलमध्ये उघडायचीच असेल तर टिचकी न मारता डेटा मेनूतून आयात करा, एन्कोडिंग म्हणून ६५००१ निवडा.

मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्यांतला ‘यूटीएफ-८’ एका अक्षराला तीनच बाइट घेतो. मूळ विभागाला ते पुरतं, २००५ आणि २०१० साली आलेल्या विस्तारांनाही पुरतं. २०२१ साली गुरागे भाषांसाठी आलेली अक्षरं चार बाइटांची आहेत, तिथे पुरत नाही. चार बाइटांचा प्रकार घ्या.

अंकांबद्दल एवढंच: इथिओपिक अंकांत शून्य नाही. एक ते नऊ, मग दहा ते नव्वद प्रत्येकाला वेगळं चिन्ह, मग शंभर आणि दहा हजार. आपले देवनागरी अंक पायथन थेट संख्या म्हणून स्वीकारतो, हे स्वीकारत नाही. प्रकाशनवर्ष त्या अंकांत आलं तर स्वतंत्र परिवर्तक लिहा, आणि वर्ष इथल्या पंचांगातलं आहे, आपल्या इसवी सनापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे, हे ध्यानात ठेवा.

बसवल्यावर तपासायला काय वापरायचं? आम्ही तीन शब्द ठेवले आहेत. पहिला सम्राटाचं नाव, सगळ्या तऱ्हांनी. प्रत्येक वेळी तेवढ्याच नोंदी आल्या पाहिजेत. दुसरा ‘चित्रकार’, शोधात याचक त्याच्याबरोबर आला तरी चालेल, पण पडद्यावर दोघांचं अक्षर आपापलं दिसलं पाहिजे. तिसरा ‘हबेशा’, इथले लोक स्वतःला म्हणवतात ते. मलिक अंबर आणि जंजिऱ्याच्या सिद्दींमुळे आपण जो ‘हबशी’ शब्द ओळखतो, तो अरबीतून आलेला याच कुळातला. तो इथे तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो: दुसऱ्या ह ने, पहिल्या ह ने, आणि चक्क अ ने. पहिले दोन किल्लीने एकत्र येतात. अ चं रूप येत नाही, कारण तिथे उच्चारच बदललेला आहे. त्यासाठी आम्ही समानार्थी शब्दांची एक छोटी यादी हाताने सांभाळतो. ती यादी गाशेंकडे आहे, आणि तिच्यात नवा शब्द घालायचा की नाही हे तेच ठरवतात.